काळी गहाण, पांढरी बेवारस



गावाची काळी आणि गावाची पांढरी ही नावे आपल्या बापजाद्यांनी ठेवली. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. आज सरकारच्या आणि बँकेच्या दप्तरात या दोघींची काय गत आहे? काळीवर बोजा चढला आहे आणि पांढरीचा कागदच नाही. काळीवर पीककर्ज घेतले म्हणून घरकुलाच्या यादीतून नाव जाते. पांढरीला कागद नाही म्हणून घरासाठी कर्ज मिळत नाही. मध्ये उभा आहे तो कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला शेतकरी. सरकार त्याला म्हणते, तू श्रीमंत आहेस. बँक म्हणते, तू भिकारी आहेस. दोघेही एकाच सात-बाराकडे बघून बोलतात!

आमच्यातल्याच एकाचे उदाहरण घ्या. जमीन साडेपाच एकर, सगळी कोरडवाहू. खरिपाला कापूस, थोडी तूर, रब्बीला ओल राहिली तर ज्वारी. घर दोन खणांचे, भिंती मातीच्या, वर माळवद. एका बाजूची तुळई वाकली म्हणून तिथली माती उतरवून पत्रे टाकले. यादीत नाव लागेल म्हणून तो घरकुलाची चौकशी करायला गेला. साहेब म्हणाले, "काका, जमीन पाच एकराच्या वर आहे, शिवाय कार्डाची मर्यादा पन्नास हजाराच्या वर. निकषात बसत नाही." तिथून तो बँकेत गेला, म्हणाला, घर बांधायला तीन लाख द्या, पाच वर्षांत फेडतो. साहेबांनी विचारले, "घराचा मालकी हक्काचा कागद कुठे आहे? पगारपत्रक आहे का?" दोन्ही नव्हते. घरी आल्यावर त्याची कारभारीण एवढेच म्हणाली, "माळवद कोसळलं तर ते काय सात-बारा बघून कोसळंल का?"

या बाईच्या प्रश्नाला उत्तर द्यायची कुणाची तयारी आहे? म्हणून आम्ही हा विषय जिल्ह्याच्या मेळाव्यापुढे ठेवत आहोत.

कर्ज हीच श्रीमंतीची खूण!

आधी घरकुलाचे पाहू. इंदिरा आवास योजना 1985-86 साली सुरू झाली, 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली आणि 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणने घेतली. नाव बदलले, रक्कम वाढली. सपाटीच्या भागात एका घराला 1 लाख 20 हजार रुपये ठरले आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे असा नियम झाला. लाभार्थी निवडायचे 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून. पण त्याआधी एक चाळणी लावली. कोणाला घर द्यायचे नाही, याच्या 13 अटी लिहिल्या. त्यातली एक अट अशी: ज्या कुटुंबाच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजार किंवा त्याहून जास्त आहे, ते कुटुंब आपोआप बाद.

भावांनो, ही अट नीट वाचा. कार्डावर शिल्लक किती, थकबाकी किती, बोंडअळीने किती खाल्ले, हे कोणी विचारत नाही. फक्त मर्यादा बघतात. मर्यादा म्हणजे काय? बँक तुम्हाला किती कर्जात बुडू द्यायला तयार आहे, तो आकडा! एकरी 20 हजार कर्ज धरले तर अडीच एकराला 50 हजार होतात. म्हणजे अडीच एकराच्या कापसाला रीतसर पीककर्ज घेतले की माणूस सरकारच्या लेखी घरवाला झाला. ज्याने बँकेकडे न जाता सावकाराकडून उचल केली, तो मात्र या अटीतून सुटला. गेली पंचवीस वर्षे सरकार सांगत आले की सावकाराच्या दारात जाऊ नका, बँकेत या, कार्ड काढा. 1998 साली ही कार्डे आली तेव्हा गावोगाव मेळावे घेऊन वाटली. आज तेच कार्ड पुराव्याला लावतात!

याच योजनेत दुसरीकडे काय लिहिले आहे? ज्याला घरकुल मंजूर झाले त्याची इच्छा असेल तर त्याला बँकेकडून 70 हजारांपर्यंत कर्ज मिळवून द्यायला मदत करावी. म्हणजे पिकासाठी 50 हजारांची पत असेल तर तो घराला अपात्र, आणि पात्र ठरला की घरासाठी 70 हजारांचे कर्ज घ्यायला पात्र. ही अक्कल कुठल्या रानात पिकते?

सवलत दिली की फास आवळला?

2024 साली सरकारने जाहीर केले की अटी सैल केल्या. 13 च्या 10 झाल्या. दुचाकी, फ्रीज, घरचा फोन, मच्छीमाराची नाव यांच्यावरून माणूस बाद होणार नाही. महिन्याच्या कमाईची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार झाली. हे चांगलेच झाले, आम्ही त्याला नाव ठेवत नाही. फटफटी ही काही आता चैन राहिली नाही.

पण जमिनीची अट बघा. जुन्या यादीत जमिनीच्या तीन अटी होत्या आणि तिन्हींत पाण्याचा संबंध होता. अडीच एकर बागायत आणि एक सिंचनाचे साधन. दोन हंगाम भिजणारी पाच एकर बागायत. साडेसात एकर जमीन, पण सोबत किमान एक सिंचनाचे साधन. म्हणजे जुना नियम निदान विचारत तरी होता की बाबा, पाणी आहे का? नव्या यादीत दोनच ओळी आहेत: अडीच एकर किंवा जास्त बागायत, अथवा पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू. विहीर नको, मोटार नको, पाइप नको. नुसती पाच एकर उघडी जमीन असली की माणूस बाद. पूर्वी सहा एकर कोरडवाहूवाला जमिनीच्या अटीत अडकत नव्हता, आता अडकला. सवलतीची पेढी उघडली आणि कोरडवाहूवाल्याच्या तोंडावर दार लावले.

पाच एकर कोरडवाहूची श्रीमंती किती, ते आपणच मोजू. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. पाचही एकर कापूस लावला धरा. पाऊस वेळेवर आला, एकरी पाच क्विंटल पिकले आणि सगळा माल हमीभावाने गेला, हेही धरा. 25 क्विंटलचे झाले 2 लाख 2 हजार 750 रुपये. आता यातून बियाण्याच्या पिशव्या, खत, निंदणी, फवारणी, वेचणीची मजुरी आणि गाडीभाडे तुम्हीच वजा करा, आकडे तुमच्या तोंडपाठ आहेत. ज्या वर्षी बोंडे सडली ते वर्षही मोजा. जे हाती उरते त्यात वर्षाचे खाणे, पोरांच्या फिया आणि दवाखाना. यातून माळवद उतरवून स्लॅब कोण टाकील? हा हिशेब ज्यांनी केला नाही त्यांनी ही अट लिहिली. आणि दुःख असे की जून 2024 मध्ये शेती आणि ग्रामविकास ही केंद्राची दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे, शिवराजसिंह चौहान यांच्याकडे आली. एका टेबलावर कोरडवाहू शेतकरी संकटात म्हणून फाईल आणि दुसऱ्या टेबलावर तोच शेतकरी सधन म्हणून फाईल. दोन्हींवर सही त्याच घरातली!

पत्रा टाकला की घर पक्के

आणखी एक गोम. 2011 च्या त्या मोजणीत छपराचा रकाना होता. गवत, बांबू, माती, हाताने थापलेली कौले ही कच्च्यात. जस्ताचा किंवा सिमेंटचा पत्रा मात्र पक्क्यात, काँक्रीटच्या पंगतीला! ज्याचे माळवद गळू लागले आणि ज्याने उसनवारी करून चार पत्रे टाकले, त्याचे छप्पर कागदावर पक्के झाले. त्या पत्र्याखाली वैशाखात बसून बघा म्हणावे.

माळवदाचे मोठेपण आम्हाला सांगू नका. जाड भिंती, वर मातीचा थर, उन्हाळ्यात गार. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला काय झाले, ते मराठवाडा विसरला नाही. त्याच जाड भिंती आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हापासून प्रत्येक घरात एकच इच्छा आहे, डोक्यावरची माती उतरवायची. तीस वर्षे होऊन गेली. ज्यांच्या हाती पैसा आला त्यांनी उतरवली. ज्यांच्या हाती नुसता कापूस आला ते अजून वर बघून झोपतात.

बँकेच्या दारात

कोणी म्हणेल, घरकुल नाही तर नाही, कर्ज काढून बांधा. बरोबर आहे. आम्हालाही फुकटचे नको, कर्जच हवे. पण ते मिळते का?

पांढरीतल्या घराचा आपल्याकडे कागद कोणता? ग्रामपंचायतीचा नमुना 8. ती कर आकारणीची यादी आहे. घरपट्टी कोण भरतो ते त्यावरून कळते, मालक कोण ते ठरत नाही. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, 1956 ला मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात आला. राज्ये तीन झाली, गावठाणातल्या घराचा कागद मात्र आला नाही. सात-बारा रानाचा असतो, पांढरीचा नसतो.

बरे, गावठाण भरले म्हणून रानात घर बांधावे, तर बँक म्हणते ही शेतजमीन आहे. 2002 चा जो कायदा बँकांना कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देतो, त्याच्या 31 व्या कलमाने शेतजमीन वगळलेली आहे. शेतजमिनीला हे संरक्षण हवेच, त्याला हात लावू देणार नाही. पण त्याचाच आडोसा घेऊन बँक घराला नाही म्हणते आणि अकृषिकाचा कागद मागते. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल कायद्यात 42-ड कलम घातले, आणखीही सवलती सरकार जाहीर करते. त्या सवलती तलाठ्याच्या टेबलावरून बँकेच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत. शिवाय काळ्या रानात घर बांधायचे म्हणजे पाया खोल घ्यावा लागतो. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत फाडते. 1 लाख 20 हजारातले किती पायातच गडप होतात, ते गवंड्याला विचारा.

तिसरी अडचण हप्त्याची. बँकेला दर महिन्याला हप्ता हवा. आमच्या घरात पैसा येतो दसऱ्या-दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत, आणि रब्बी साधली तर ज्वारीच्या खळ्यावर. आषाढात हप्ता कुठून भरायचा? हे काही बँकेला माहीत नाही असे नाही. 1997 साली सुवर्णजयंती ग्रामीण गृह वित्त योजना आली होती. तिच्यातून आणि इंदिरा आवासमधून शेतकऱ्याला घरासाठी कर्ज दिले तर हप्ते पिकाच्या हंगामाला जोडावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना लिहून दिले होते. म्हणजे आमची मागणी जगावेगळी नाही. तुमच्याच घरचा नियम तुम्हीच फळीवर टाकून दिलात.

हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे

आता शहराकडे बघू. प्रधानमंत्री आवास योजना-शहरीत 2017 पासून मध्यमवर्गालाही व्याजाची सवलत दिली. वर्षाला 12 ते 18 लाख उत्पन्न असलेल्या कुटुंबालासुद्धा 12 लाखांच्या कर्जावर 3 टक्के व्याज सरकारने भरले. मार्च 2021 पर्यंत हे चालले. त्याच काळात खेड्यात महिन्याला 10 हजारांवर कमाई असलेला माणूस घरकुलातून बाद होता. वर्षाचे 18 लाख कमावणारा मदतीला पात्र, वर्षाचे सव्वा लाख कमावणारा अपात्र!

1 सप्टेंबर 2024 पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न, 25 लाखांपर्यंत गृहकर्ज, त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत. एका कुटुंबाला पाच वर्षांत जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये. हा आकडा ध्यानात ठेवा. खेड्यात महिन्याला 15 हजारांवर, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजारांवर ज्याची कमाई तो घरकुलातून बाद. शहरात जेवढी नुसती व्याजाची सूट मिळते, तेवढी खेड्यात कोणाची वर्षाची कमाई असली की तो श्रीमंत ठरतो. परभणी महापालिकेच्या हद्दीचा दगड ओलांडला की माणसाची गरज बदलते काय?

खेड्याला काहीच दिले नाही असे नाही. जानेवारी 2017 मध्ये केंद्राने ग्रामीण घरांसाठीही व्याज सवलत मंजूर केली. जे घरकुलात बसत नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे अगदी आपल्यासाठीच. किती? 2 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के. शहरात 12 लाखांवर आणि खेड्यात 2 लाखांवर. ज्याला या योजनेतून कर्ज मिळाले त्याने मेळाव्यात हात वर करावा, आम्ही त्याचा सत्कार करू.

परिणाम काय होतो? ज्याच्या घरात एक पगार आला तो गाव सोडतो, परभणीत प्लॉट घेतो आणि तिथे कर्ज काढतो. त्याचा दोष नाही, बँकेने त्याला रस्ताच तो दाखवला. रानातला पैसा शहरातल्या विटांत जातो आणि पांढरी ओस पडते.

कोणाच्या ताटातले नको

एक गोष्ट साफ सांगतो. भूमिहीन मजुराला, पारध्याला, पालात राहणाऱ्याला घर आधी मिळाले पाहिजे. यादीत त्याच्या पुढे उभे राहण्याची आमची मागणी नाही. तो आमच्याच रानात राबतो आणि त्याचे छप्पर गळते तेव्हा आमच्या नजरेसमोर गळते. शेतकरी आणि मजूर यांना एका घरकुलासाठी भांडायला लावून वर बसून मजा बघणाऱ्यांना आम्ही ओळखतो. ज्याला काहीच नाही त्याला घर द्या. ज्याला पाच-दहा एकर कोरडवाहू आहे त्याला शहरातल्या नोकरदाराला देता त्याच अटींवर कर्ज द्या. दान नको, बरोबरी हवी.

आमच्या मागण्या

1. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेची अट रद्द करा. कर्ज हा श्रीमंतीचा पुरावा नाही.

2. पाच एकर कोरडवाहूची अट काढा. जमीन मोजायची तर पाणी मोजा.

3. शहरी योजनेतली व्याज सवलत त्याच उत्पन्न मर्यादेने आणि त्याच दराने खेड्यातल्या घराला लागू करा.

4. गावठाणातली मिळकत पत्रिका बँकांनी तारण म्हणून घ्यावी, नाकारली तर कारण लेखी द्यावे.

5. घरकर्जाचे हप्ते वर्षातून एकदा किंवा दोनदा, पिकाच्या हंगामाला जोडून घ्यावेत.

आपल्या हातात काय आहे?

नुसत्या मागण्या करून घरी बसायचे नाही. स्वामित्व योजनेचा पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि 24 एप्रिल 2020 ला ती सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजायचे आणि घराची मिळकत पत्रिका द्यायची. या कागदावर कर्ज मिळेल, असे सरकारनेच सांगितले आहे. म्हणून गावात मोजणीची चौकशी लागली की रानात जाऊ नका, हजर राहा. आजोबाच्या नावावरचे घर असेल तर वारसाचे आधी उरका. चुन्याची रेघ शेजाऱ्याशी भांडून नव्हे, समोर बसून मारा. आणि पत्रिकेवर घरच्या लक्ष्मीचे नाव लागलेच पाहिजे. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत ज्यांनी बायकोच्या नावे जमीन केली त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यादीची खातरजमा ग्रामसभेत होते. तिथे जा. कोणाचे नाव वगळले तर कारण लिहून मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका. जिल्हा पातळीवर अपील समिती आहे, तिच्याकडे अर्ज करा. पहिल्या दोन मागण्यांचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी या नऊही तालुक्यांतून ठरावांच्या नकला गोळा करून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने चार कागद आणावेत: सात-बारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि पीककर्जाचे पासबुक. अर्ज नामंजूर झाला असेल तर तोही कागद आणा. जितके असे कागद तितके साक्षीदार.

काळीने आजवर सगळ्यांना पोसले. गिरण्यांना कापूस दिला, बाजाराला ज्वारी दिली, बँकेला व्याज दिले. ती पिकवणारा माणूस रात्री वर बघत झोपतो, गळते कुठून याचा अंदाज घेत. पुढच्या मृगाच्या आत या अटी बदलून घ्यायच्या आहेत. मायबहिणींसह या, आणि शेजाऱ्यालाही घेऊन या.